हरवलेली फेज आणि कोरी जागा

गेल्या अंकात भिंगाशिवाय चित्र मिळवण्याबद्दल मी जेमतेम चार ओळी लिहिल्या होत्या. त्या चार ओळींवर इतकी पत्रं आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलले आहेत. पत्रांतला सूर बहुतेक संशयाचा आहे. तो मला आवडला.

प्रश्न : मॅडम, तुम्ही लिहिलंत की वस्तूवरून विखुरलेल्या किरणांचा नुसता ठिपक्यांचा नमुना टिपतात, त्यातली निम्मी माहिती हरवलेली असते, आणि तरी संगणक फेऱ्या मारमारून मूळ चित्र काढतो. माझं उभं आयुष्य हिशेब तपासण्यात गेलं. वहीची निम्मी पानं फाडली तर उरलेल्या पानांवरून ती परत लिहिता येत नाहीत. कोणी लिहून आणलीच तर तो लबाड असतो. तुमचा संगणक लबाड नाही कशावरून? – एक निवृत्त हिशेबतपासनीस

साहेब, तुम्ही लबाड म्हणालात ते बरं केलंत. हे काम मी सतरा वर्षं केलं आणि त्यातले पहिले आठ महिने माझा संगणक खरोखरच लबाडी करत होता. मला ते कळलं नाही, एवढंच. ती गोष्ट पुढे येईलच. आधी हरवतं काय ते पाहू.

लाटेचं वर्णन दोन आकड्यांत होतं. ती किती उंच आहे हा एक, आणि या घडीला ती चढावर आहे, माथ्यावर आहे की उतारावर, हा दुसरा. पहिला आयाम, दुसरी फेज. मराठी पुस्तकांत फेजला ‘कला’ म्हटलेलं सापडतं. चंद्राच्या कलेतली कला तीच, फेरा कुठवर आला ते सांगणारी. शब्द सुरेख आहे, पण प्रयोगशाळेत सगळे फेजच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते.

आता ०.१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे क्ष-किरण घ्या. ती लाट एका सेकंदात २ वर १८ शून्यं इतक्या वेळा वरखाली होते. कोणताच डिटेक्टर इतका चपळ नाही. तो पडेल ती ऊर्जा साठवत बसतो आणि ऊर्जा ठरते आयामाच्या वर्गावरून. लाट चढावर होती की उतारावर, त्याला दोन्ही सारखंच. तुमच्या भाषेत सांगायचं तर रक्कम नोंदली गेली, जमा की नावे ते लिहायचं राहिलं. खरी स्थिती त्याहून वाईट आहे, कारण जमा-नावे हे दोनच रकाने झाले. फेज ० ते ३६० अंशांत कुठेही असू शकते.

आणि हरवलेला अर्धा भाग हाच जास्त मोलाचा असतो. ओपनहाइम आणि लिम या दोघांनी १९८१ साली एका लेखात हे फार छान दाखवलं. तो वाचून मी स्वतः करून पाहिलं. एक फोटो मांजराचा, एक सायकलचा. दोन्हींचं फूरिये रूपांतर केलं, म्हणजे प्रत्येक फोटो लहानमोठ्या लाटांच्या बेरजेत मांडला. मग मांजराच्या लाटांची उंची आणि सायकलच्या लाटांची फेज एकत्र करून उलट बेरीज केली. पडद्यावर सायकल आली. जरा मळकट, पण सायकलच. मांजराचा मागमूस नाही. कडा कुठे आहेत, काय कशाच्या शेजारी आहे, हे सगळं फेज सांभाळते, आणि नेमकी तीच डिटेक्टरच्या हातून निसटते.

आता तुमची वही. समजा चित्र १०० बाय १०० घरांचं (पिक्सेलचं) आहे आणि प्रत्येक घरात एक साधा आकडा आहे. अज्ञात झाले १०,०००. डिटेक्टरवरचा नमुना किती बारकाईने टिपायचा हे मात्र आपल्या हातात असतं. तो दोन्ही दिशांना दुप्पट बारीक टिपला, तर गणिताच्या दृष्टीने आपलं चित्र २०० बाय २०० च्या कागदावर मधोमध ठेवल्यासारखं होतं, चहूबाजूंनी कोरी जागा सोडून. नमुन्यात आता ४०,००० आकडे आहेत. त्यांतले केंद्राच्या समोरासमोरचे सारखेच असतात, तेव्हा वेगळे असे सुमारे २०,०००. अज्ञात १०,००० आणि अटी २०,०००. हिशेब सुटण्याजोगा आहे. तोच कागद चित्राने काठोकाठ भरलेला असता तर अज्ञात ४०,००० आणि अटी २०,००० झाल्या असत्या, आणि तुमचं म्हणणं अक्षरशः खरं ठरलं असतं.

म्हणजे फाटलेली पानं कोणी मनाने लिहीत नाही. वही मुळात चौपट जाड होती आणि तिची तीन चतुर्थांश पानं कोरी आहेत हे आपल्याला उघडण्याआधीच ठाऊक होतं. ‘इथे काहीही नाही’ हीसुद्धा नोंदच असते. संगणक जे परत आणतो ते सगळं या कोऱ्या जागेच्या जोरावर.

ही गोष्ट नमुना टिपणाऱ्यांच्या लक्षात यायला वेळ लागला, कारण पहिली चाळीस वर्षं सगळे स्फटिकांवर काम करत होते. स्फटिकात एकच रचना भिंतीला भिंत लावून लाखो वेळा उभी असते. मध्ये कोरी जागा नाही, आणि नमुनाही सुट्या ठिपक्यांचा. ठिपक्यांच्या मधलं काही मोजताच येत नाही. त्यामुळे स्फटिकवाल्यांना फेज मिळवायला वेगळ्या वाटा शोधाव्या लागल्या. रेणूत जड अणू बसवून नमुना कसा बदलतो ते पाहणं ही एक, आणि अणू सुटे सुटे असतात, घनता कुठेही उणे नसते, यावरून संभाव्यतेच्या गणिताने फेज ठरवणं ही दुसरी. या दुसऱ्या वाटेसाठी हॉप्टमन आणि कार्ल यांना १९८५ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पण १९५२ साली डेव्हिड सेयर यांनी जेमतेम पानभराचं एक टिपण लिहिलं. ठिपक्यांच्या मधली तीव्रतासुद्धा मोजता आली तर फेजचा प्रश्न सुटायला हवा, असा त्याचा आशय. हेच सेयर पुढे फोरट्रान ही संगणकभाषा घडवणाऱ्या मूळ गटात होते. टिपण मात्र तसंच पडून राहिलं, कारण ‘सुटायला हवा’ म्हणणं वेगळं आणि सोडवणं वेगळं.

प्रश्न : ताई, मी अकरावीत आहे. अटी २०,००० आणि अज्ञात १०,००० असतील तर समीकरणं एकदम का सोडवत नाहीत? संगणकाला तर ते सोपं असतं ना? आणि त्या फेऱ्यांमध्ये नक्की काय करतात? – एक विद्यार्थिनी

समीकरणं सरळ असती तर तू म्हणतेस तसं चटकन झालं असतं. पण ही वर्गाची आहेत. प्रत्येक समीकरणात सगळेच्या सगळे १०,००० अज्ञात एकमेकांना गुणून बसलेले असतात. अशा गुंत्याला ठरलेलं सूत्र नाही. म्हणून येरझाऱ्या.

असं समज की नदीच्या अलीकडे चित्र आहे आणि पलीकडे नमुना. फूरिये रूपांतर हा मधला पूल. पलीकडे आपल्याला आयाम ठाऊक आहेत, कारण ते मोजले आहेत. अलीकडे आपल्याला ठाऊक आहे की ठरावीक चौकटीबाहेर काही नाही. सुरुवात पलीकडून कर. मोजलेल्या आयामांना फेज दे, फासे टाकल्यासारखी, कोणतीही. पूल ओलांडून अलीकडे ये. चित्र म्हणून जे दिसेल ती निव्वळ खरखर असेल आणि चौकटीबाहेरही कचरा सांडलेला असेल. बाहेरचा सगळा पुसून शून्य कर. चौकटीच्या आत उणे आकडे आले असतील आणि तुझ्या वस्तूची घनता उणे असणं शक्य नसेल, तर तेही शून्य. आता परत पलीकडे जा. पुसापुशीमुळे आयाम बिघडलेले दिसतील. ते टाकून दे आणि मोजलेले पुन्हा बसव. फेजला मात्र हात लावू नकोस. ती पुलावरून जशी आली तशी राहू दे. पुन्हा अलीकडे.

सगळी मेख ‘फेजला हात लावू नकोस’ यात आहे. पहिली फेज फाशांची होती. पण अलीकडे कचरा पुसल्यावर पलीकडे जी फेज पोचते तिला कोऱ्या जागेची किंचित जाणीव झालेली असते. पुढच्या फेरीत आणखी थोडी. १०२४ बाय १०२४ च्या चित्रावर अशा हजार फेऱ्या साध्या संगणकालाही जड नाहीत. मी पहिल्यांदा हे पडद्यावर चालताना पाहिलं तेव्हा दोनशेव्या फेरीपर्यंत राखेसारखं काहीतरी होतं आणि मग दहाबारा फेऱ्यांत त्या राखेतून कडा उभी राहिली. मी खुर्चीतून उठले होते.

येरझाऱ्यांची ही कल्पना गर्चबर्ग आणि सॅक्सटन यांनी १९७२ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी मांडली. त्यांच्याकडे अलीकडच्या चित्राची तीव्रताही मोजलेली होती, म्हणजे दोन्ही काठांवर मोजमाप. जेम्स फीनप यांच्यासमोर खगोलशास्त्रातला प्रश्न होता. हवेच्या थरथरीमुळे दुर्बिणीत ताऱ्यांच्या प्रतिमेची फेज बिघडते, आयाम तेवढे सांभाळता येतात. अलीकडचं मोजमाप नाहीच. तेव्हा त्यांनी १९७८ साली ते काम ‘चौकटीबाहेर काही नाही’ आणि ‘उजेड उणे नसतो’ या दोन अटींवर भागवलं.

आता यातली खोच. वर सांगितलेली साधी पद्धत चूक, म्हणजे मोजलेले आयाम आणि चित्रातून निघालेले आयाम यांतला फरक, कधी वाढू देत नाही. ऐकायला हा गुण वाटतो, पण तोच तिचा दोष आहे. का ते बघ. एखाद्या ठिपक्याचा आयाम ५ असेल तर फेजसकट तो आकडा ५ त्रिज्येच्या वर्तुळावर कुठेतरी असतो. वर्तुळाच्या आत नव्हे, नेमका रेघेवर. त्या रेघेवरचे दोन बिंदू घे आणि त्यांचा मध्य काढ. मध्य रेघेवर नसतो. अशा वाकड्या जागेत ‘दर फेरीला जवळ जात राहिलं की शेवटी पोचतोच’ ही हमी उरत नाही. वाटेत खळगे असतात. ज्या पद्धतीला चढच चढता येत नाही ती पहिल्या खळग्यात बसते आणि उठत नाही.

फीनप यांनी त्यावर काढलेला उपाय हायब्रिड इनपुट-आउटपुट या नावाने ओळखला जातो. आम्ही त्याला एचआयओ म्हणायचो. त्यात चौकटीबाहेरचा कचरा पुसत नाहीत, त्याला उलटा धक्का देतात. चौकटीबाहेरच्या एका पिक्सेलमध्ये तू ० ठेवला होतास आणि फेरी मारून तिथे १० आले, असं समज. साधी पद्धत पुन्हा ० लिहील. एचआयओ आधीच्या शून्यातून आलेल्या दहाचे नऊ दशांश वजा करतं आणि उणे ९ लिहितं. पुढच्या फेरीत तिथे ४ आले, तर उणे ९ मधून आणखी ३.६ वजा, म्हणजे उणे १२.६. तो पिक्सेल फेरीअंती स्वतःहून शून्यावर येईपर्यंत दाब वाढतच जातो. तो नऊ दशांश म्हणजे बीटा. ०.७ ते ०.९ च्या दरम्यान बहुतेकांचं भागतं. या पद्धतीत चूक मध्येच वाढते, चित्र विस्कटतं, नवख्या माणसाचा धीर सुटतो. पण खळग्यातून बाहेर पडायला हेच लागतं. म्हणून रीत अशी की एचआयओच्या पुष्कळ फेऱ्या मारायच्या आणि शेवटी चित्र निवळायला थोड्या साध्या.

एचआयओ का चालतं याची नीट गणिती संगती लागायला चोवीस वर्षं गेली. २००२ साली बाउश्के, कॉम्बेट आणि लूक यांनी दाखवलं की याचं नातं १९५६ साली उष्णतेच्या समीकरणांसाठी काढलेल्या डग्लस–रॅचफर्ड पद्धतीशी आहे. तोवर लोक वापरत होते, कारण चालत होतं. मला त्यात लाज वाटण्यासारखं काही दिसत नाही.

प्रश्न : अटी अज्ञातांपेक्षा जास्त आहेत म्हणून उत्तर एकच, हे मला पटत नाही. वर्गाच्या समीकरणांना अनेक उत्तरं असू शकतात. एकाच नमुन्याची दोन वेगळी चित्रं निघाली तर खरं कोणतं? – गणिताचे शिक्षक

सर, तुमची शंका बरोबर आहे, आणि ती सिद्ध करायला तीन आकडे पुरतात. एका ओळीत १, ५, ६ ठेवा. दुसऱ्या ओळीत २, ७, ३. विखुरलेल्या किरणांच्या नमुन्याची तीव्रता फक्त तीन गोष्टींवर ठरते: आकड्यांच्या वर्गांची बेरीज, शेजाऱ्यांच्या गुणाकारांची बेरीज आणि दोन टोकांचा गुणाकार. पहिल्या ओळीत १ + २५ + ३६ = ६२, ५ + ३० = ३५ आणि ६. दुसऱ्या ओळीत ४ + ४९ + ९ = ६२, १४ + २१ = ३५ आणि ६. दोन निराळ्या वस्तू, नमुना तंतोतंत एक. नुसत्या नमुन्यावरून त्यांच्यातली निवड जगातला कोणताही अल्गोरिदम करू शकणार नाही.

हे जुळवलं कसं ते तुमच्या विद्यार्थ्यांना आवडेल. पहिली ओळ म्हणजे (१ + २क्ष)(१ + ३क्ष) या बहुपदीचे सहगुणक. दुसऱ्या ओळीत पहिला अवयव उलटा केला, (२ + क्ष)(१ + ३क्ष). अवयव उलटा केला तरी नमुना हलत नाही. एका चलाच्या बहुपदीचे अवयव नेहमीच पडतात, तेव्हा एका मितीत अशी जुळी उत्तरं ढिगाने निघतात. पण चित्राला दोन मिती असतात, बहुपदीत दोन चलं येतात, आणि दोन चलांच्या अचानक उचललेल्या बहुपदीचे अवयव जवळजवळ कधीच पडत नाहीत. उलटा करायला सुटा अवयवच नाही! ब्रक आणि सोडिन यांनी १९७९ साली हे मांडलं. माझ्या मते या सगळ्या विषयातली ही सर्वांत देखणी गोष्ट आहे. मिती वाढली की प्रश्न अवघड व्हायचा, इथे तो सुटायला लागतो.

तरीही तीन गोष्टी कधीच ठरत नाहीत. चित्र कागदावर सरकलं तरी नमुना तोच. सगळ्या फेजमध्ये सारखीच भर घातली तरी तोच. आणि चित्र केंद्राभोवती उलटं केलं तरी तोच. शेवटच्याला आम्ही जुळं भावंड म्हणायचो. यानेच माझे आठ महिने खाल्ले.

मी एका सूक्ष्म कणाचे नमुने सोडवत होते. चौकट चौकोनी घेतली होती. चित्र यायचं ते अगदी सममित, डावीकडे फुगवटा तसाच उजवीकडे, वरचा खाचखळगा खाली उलटा. मला ती सममिती इतकी आवडली की तिचं कारण शोधणारी दोन पानं मी लिहून टाकली होती. एका सहकाऱ्याने ती वाचली आणि एवढंच विचारलं की वेगवेगळ्या फाशांनी दहा वेळा चालवून पाहिलंस का? नव्हतं पाहिलं. पाहिलं तर दहांपैकी सात वेळा सममित कण आला आणि तीन वेळा एक वेडावाकडा, मुळीच सममित नसलेला. चूक मोजली तर त्या तिघांची कितीतरी कमी. खरा कण वेडावाकडाच होता. बाकी सात वेळा तो आणि त्याचं उलटं भावंड एकाच चौकटीत अर्धे अर्धे दिसत अडकले होते. चौकोनी चौकट उलटी केली तरी चौकोनीच राहते, मग तिने कोणाला बाहेर काढायचं? पुढे मी सुरुवातीच्या काही फेऱ्यांपुरती त्रिकोणी चौकट घ्यायला लागले. त्रिकोण उलटा केला की तो वेगळा दिसतो, त्यामुळे एक भावंड आत बसतं आणि दुसरं बाहेर पडतं. मग पुन्हा पूर्ण चौकट. ती दोन पानं मी अजून ठेवली आहेत.

हिशेबतपासनीस साहेबांना जे उत्तर देणं राहिलं होतं ते हेच. संगणक लबाडी करू शकतो, आणि ती पकडायची रीत आहे. निरनिराळ्या सुरुवातींनी अनेकदा चालवायचं, सगळी उत्तरं सरकवून आणि गरज पडली तर उलटी करून एकावर एक बसवायची, मग सरासरी घ्यायची. जिथे फेज दर वेळी तीच येते तिथे सरासरी ठणठणीत राहते. जिथे दर वेळी वेगळी येते तिथे एकमेकांना खोडून शून्याकडे जाते. कोणत्या बारकाव्यापर्यंत चित्रावर विश्वास ठेवायचा, हे त्यावरून ठरतं. एकदाच चालवून मिळालेलं सुंदर चित्र कोणी दाखवलं तर मी आजही आधी हेच विचारते.

प्रश्न : पण वस्तूचा आकारच माहीत नसेल तर चौकट आखायची कशी? – एक वाचक

ढोबळ आखायची आणि वाटेत आवळायची. नमुन्यातल्या तीव्रतेचं सरळ उलट रूपांतर केलं की वस्तूची स्वतःवरच सरकवलेली छाया मिळते. ती वस्तूच्या दुप्पट पसरते, पण अंदाज येतो. मार्केसिनी आणि सहकाऱ्यांनी २००३ साली सुचवलं की ही छायाच पहिली चौकट म्हणून घ्या. दर काही फेऱ्यांनी हाती आलेलं चित्र किंचित धूसर करा, त्यात सर्वांत उजळ भागाच्या सुमारे एक पंचमांशाहून फिकट जे असेल ते कापा, उरेल ती नवी चौकट. वस्तूभोवती प्लास्टिक तापवून आवळत न्यावं तसं. म्हणूनच तिला श्रिंक-रॅप म्हणतात. घाई केली तर वस्तूचाच कोपरा कापला जातो आणि मग काही केल्या परत येत नाही.

प्रश्न : हे सगळं कागदावरच आहे की कुठे प्रत्यक्ष उपयोगी पडलं? – एक वाचक

सेयर यांच्या टिपणानंतर ४७ वर्षांनी, १९९९ साली, क्ष-किरणांनी पहिल्यांदा स्फटिक नसलेल्या वस्तूचं चित्र असं काढलं गेलं. वस्तू म्हणजे सोन्याच्या ठिपक्यांनी लिहिलेली अक्षरं. एकेक ठिपका सुमारे १०० नॅनोमीटर रुंद, क्ष-किरण १.७ नॅनोमीटरचे आणि चित्राची सूक्ष्मता सुमारे ७५ नॅनोमीटर. लेखकांत म्याओ, चॅरलॅम्बस आणि कर्झ यांच्याबरोबर सेयर स्वतः होते, वय ७५. त्या प्रयोगातली एक गोष्ट मला फार मानवी वाटते. थेट येणारा झोत डिटेक्टर जाळू नये म्हणून मध्ये अडसर ठेवावा लागतो, त्यामुळे नमुन्याचा मधला भाग टिपलाच जात नाही, आणि वस्तूची ढोबळ ठेवण तर तिथेच असते. त्यांनी तो भाग साध्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकातून घेतलेल्या चित्रावरून भरला. मीही या अडसराशी सतरा वर्षं भांडले आहे.

हबल दुर्बिणीची गोष्ट वेगळ्या प्रकारची. १९९० साली ती अवकाशात गेली आणि तारे पसरट दिसायला लागले. २.४ मीटरच्या आरशाची कड सुमारे २.२ मायक्रॉनने जास्त सपाट घासली गेली होती. आरसा तर हाताशी नाही, वर फिरतोय. तेव्हा त्या पसरट ताऱ्यांच्या चित्रांनाच नमुना मानून लोकांनी फेज शोधली. इथली फेज म्हणजेच आरशाची चूक. या कामात फीनपही होते. कोऱ्या जागेची भूमिका इथे आरशाच्या कडेने बजावली, कारण त्याच्या बाहेरून प्रकाश येतच नाही हे पक्कं ठाऊक होतं. निघालेला आकडा आरसा घासताना वापरलेल्या तपासणी यंत्राच्या मोजमापाशी जुळला, आणि डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी दुरुस्तीचे आरसे बसवले. २०२२ साली जेम्स वेब दुर्बिणीचे १८ आरसे एका पृष्ठभागात आणतानाही फेज शोधण्याचं हेच गणित वापरलं.

आज सर्वांत जोरात आहे ते टायकोग्राफी. वस्तूवर झोत सरकवत सरकवत शेकडो नमुने घ्यायचे, प्रत्येक जागा शेजारच्या जागेवर निम्म्याहून जास्त चढलेली. कोऱ्या जागेची गरजच संपते, कारण दोन नमुन्यांना सामाईक असलेल्या भागाचं चित्र दोन्हीकडून एकच यायला हवं. माहिती अजूनही फुकट मिळत नाही, फक्त तिची वसुली आता या एकमेकांवर चढलेल्या भागांतून होते. कल्पना हॉपे यांची, १९६९ ची. २०१८ साली इलेक्ट्रॉनांनी याच पद्धतीने ०.३९ अँगस्ट्रॉम (०.०३९ नॅनोमीटर) इतकी सूक्ष्मता गाठली. अणूंमधल्या अंतरापेक्षाही ती बारीक आहे.

प्रश्न : आता कृत्रिम बुद्धिमत्ता हे एका झटक्यात करते म्हणे. मग फेऱ्या बाद? – एक वाचक

सुरुवातीची फेज फाशांऐवजी तिच्याकडून घ्यायला माझी हरकत नाही, वेळ वाचतो. पण तिने दिलेल्या चित्राचा नमुना काढून मोजलेल्याशी ताडून पाहिल्याशिवाय ते मी स्वीकारणार नाही. तिने आधी पाहिलेल्या चित्रांसारखं चित्र देणं तिला फार चांगलं जमतं, आणि माझी ती सममित दोन पानं मला अजून आठवतात.

प्रश्न : ताई, मला हे घरच्या संगणकावर करून पाहायचं आहे. कुठून सुरू करू? – वरचीच विद्यार्थिनी, दुसऱ्या पत्रात

२५६ बाय २५६ चा काळा कागद घे आणि मध्यावर ८० बाय ८० च्या आत एक वेडंवाकडं चित्र काढ. सममित नको, का ते आता तुला माहीत आहे. त्याचं फूरिये रूपांतर कर, आयाम ठेव, फेज फेकून दे आणि मग शोध. पन्नासेक ओळींत प्रोग्रॅम होतो. दोन ठिकाणी हमखास अडशील. बहुतेक संगणकभाषांत रूपांतराचं केंद्र कोपऱ्यात येतं, मध्यावर नव्हे. मध्यावर आणलेले मोजलेले आयाम आणि कोपऱ्यातली फेज एकत्र केलीस तर जन्मभर खरखरच दिसेल. मी तीन दिवस बघत बसले होते. दुसरं, एचआयओमध्ये बाहेरच्या पिक्सेलला धक्का देताना त्याची मागच्या फेरीत ठेवलेली किंमत जपून ठेवावी लागते. ती पुसली गेली तर दाब साठतच नाही आणि एचआयओचा अर्थ संपतो.

बीटा ०.९, पाचशे फेऱ्या एचआयओ, पन्नास साध्या, आणि हे सगळं दहा वेळा. चित्र उलटं आलं तर घाबरू नकोस. त्यानंतर मोजलेल्या आयामांत थोडा गोंधळ मिसळ आणि बघ कुठे कोसळतं. अडलीस तर लिही, पण नुसतं चित्र पाठवू नकोस. दहाही वेळा चूक कशी बदलत गेली त्याचा आलेख सोबत हवा.